उशिरा येणारं हसू

१

महिन्यातल्या एका रविवारी जपानमधल्या या सेंदाई शहरातली ओळखीची मराठी माणसं आमच्याकडे जेवायला जमतात. कुणी कोशिंबीर आणतं, कुणी मसालेभात, कुणी नुसती बिस्किटं आणि भूक. घर टेकडीवर, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक जण दारात आधी दम खातो आणि मग चपला काढतो. जेवण दुपारचं. ते आटोपलं की गवती चटयांच्या खोलीत, इथे तिला तातामीची खोली म्हणतात, चौकोनी गाद्या टाकायच्या, भाजलेल्या सातूचा गार चहा फिरवायचा, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "पद्मिनीताई, होऊन जाऊ द्या."

होऊन जाऊ द्या म्हणजे भुताची गोष्ट.

ही सगळी शिकलेली माणसं. माझे यजमान गुणवंत विद्यापीठात धातूंवर संशोधन करतात. मिताली मेंदूवर करते. मी बारावी झालेली, सकाळी एका डबे भरणाऱ्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करते. गप्पा पेपर आणि ग्रँटवर गेल्या की मी ताटं उचलायला उठते. पण गोष्ट सुरू झाली की हीच मंडळी माझ्याकडे तोंड करून बसतात. मला ते फार आवडतं. आवडायचं, असं म्हणायला हवं.

इथे भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगतात. अंगावर काटा आला की गार वाटतं म्हणे. मी बारा महिने सांगते, आणि माझी पद्धत वेगळी आहे. नुसतं घाबरवायला गेलं की शिकलेली माणसं हाताची घडी घालून बसतात. त्यांना आधी हसवायचं. हवेसाठी खिडकी उघडली की डास आपोआप आत येतात, तसं हसायला तोंड उघडलं की भीती आत शिरते. हे मी मितालीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, यावर आपण पेपर लिहू. पहिलं नाव तुमचं."

माझी सुरुवात ठरलेली. जपानी घरात शिरताना चपला काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची, अशी रीत आहे. तर आमच्या चिपळूणकडची एक हडळ जपानला येते. तिचे पाय मुळातच उलटे. ती चपला काढते, त्या आपोआप दाराकडे तोंड करून. घरमालक बायकोला म्हणतो, "बघ, परदेशी असून किती रीतभात!"

इथे सगळे हसतात. मी हसत नाही. सांगणाऱ्यानं हसलं की गोष्ट मेली.

२

शेजारच्या घरात कान्नो-सान, म्हणजे आपल्या भाषेत कान्नोबाई, राहायच्या. एकट्या, ऐंशीच्या पुढच्या, पाठीतून वाकलेल्या. आमच्या इमारतीत कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीतून टाकायचा यावर त्यांची नजर असे. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, धातू महिन्यातून एकदा. कचऱ्याच्या जागेशी उभ्या राहून त्या पिशवी उन्हाकडे धरायच्या आणि आत काय आहे ते बघायच्या. "अरा, अरा," म्हणायच्या, म्हणजे आपलं "अगंबाई".

आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांनी माझी पिशवी दोनदा परत आणून दिली. बाटल्यांची झाकणं काढायची राहिली होती. पिशवी परत दिल्याबद्दल माफी त्यांनीच मागितली. मग जिन्यात माझ्या शेजारी बसून झाकण कसं काढायचं, लेबल कसं सोलायचं, ते लहान मुलीला शिकवावं तसं शिकवलं. पुढे मी कामाला लागले, तेव्हा माझी पाळी दुपारची असे, आणि शाळेतून आलेली ओजस्वी माझी वाट बघत त्यांच्याच घरी बसायची. ओजस्वी आमची एकुलती एक, इथेच जन्मलेली, आता सतरा वर्षांची. ती त्यांना ओबा-चान म्हणायची, म्हणजे आजी.

आणि या कान्नो-सानचं मी भूत केलं.

गेल्या दिवाळीच्या जेवणात सहज सुचलं. मेल्यावर कान्नो-सान स्मशानाच्या दारात उभ्या आहेत आणि येणारं प्रत्येक प्रेत उन्हाकडे धरून तपासतायत. "हे जळणाऱ्यात. हेही जळणाऱ्यात. हा काय, सोन्याचा दात? अरा, अरा! हा धातूच्या दिवशी." आणि त्या मेलेल्या माणसाचा दात त्याच्या हातात देतात आणि त्याला घरी परत पाठवतात. मग मी थांबायचे, आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, "म्हणून मंडळी, सेंदाईत भुतं आहेत. चुकीच्या दिवशी मेलेली माणसं."

मी कमरेत वाकून, हातात गादी धरून, त्यांच्या बारीक आवाजात हे करायचे. लोक हसून लोळायचे. आणि हसून झाल्यावर, शांततेत, प्रत्येकाच्या मनात तो दात हातात घेऊन परत आलेला माणूस यायचा. माझी सगळ्यात चांगली गोष्ट होती ती.

भिंत पातळ होती. पण आपलं कुणाला कळतंय इथे! ट्रेनमध्ये, दुकानात, दवाखान्यात आम्ही सगळेच समोरच्या माणसाबद्दल बिनधास्त मराठीत बोलतो. सवयच लागते.

गुढीपाडव्याच्या जेवणाला मी ही गोष्ट सांगत असताना बेल वाजली. दारात कान्नो-सान, हातात लांबट वांग्यांच्या लोणच्याचा डबा. मी डबा घेतला, लवून आभार मानले, आणि लवलेलीच असताना मागे मान वळवून, चेहऱ्यावर तेच गोड हसू ठेवून, मराठीत म्हटलं, "आलं बघा भूत. दिवस चुकला नाही बाईंचा!"

आत स्फोट झाला. मितालीला ठसका लागला. कान्नो-साननी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, इतकी माणसं हसताना बघून त्यांना बरं वाटलं असावं, आणि त्याही हसल्या. तोंडावर हात धरून. दोन दमांचं, लहानसं हसू.

ओजस्वी कोपऱ्यात बसली होती. ती हसली नाही. त्यानंतर ती घरात मराठी बोलेनाशी झाली. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, तेही भिंतीकडे बघून. इथल्या मुलांचं या वयात असं होतंच, असं सगळे म्हणाले. मला मात्र घरात कुणी माझी जीभ कापून नेल्यासारखं वाटत होतं. रात्रंदिवस एकच इच्छा होती, पोरीनं एकदा मला आपल्या भाषेत हाक मारावी.

३

जूनमध्ये कान्नो-सान कचऱ्याच्या जागेपाशी खाली बसल्या. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. त्या परत आल्या नाहीत.

गुणवंत काळा टाय लावून अंत्यदर्शनाला गेले. ओजस्वी शाळेच्या गणवेशात गेली. मुलांनी तसंच जायचं असतं. मी म्हटलं, मला कामावरून सुटी मिळणार नाही. मी सुटी मागितलीच नव्हती. तिथे फुलांमध्ये त्यांचा फोटो असणार होता आणि त्या फोटोसमोर मला लवावं लागणार होतं. ते मला जमलं नसतं.

अंत्यविधीहून परतणाऱ्यांना मिठाची छोटी पुडी देतात. घरात शिरण्याआधी दाराबाहेरच ते मीठ अंगावर टाकायचं, म्हणजे मागून काही येत नाही. गुणवंतांनी हसत खांद्यावर टाकलं. ओजस्वीनं पुडी उघडलीच नाही. खिशात ठेवली, चपला काढल्या, आणि आत आल्यावर दार लावायच्या आधी जराशी थांबली. कुणी वयस्कर माणूस मागून जिना चढत असलं की आपण थांबतो, तशी.

मी स्वयंपाकघरातून बघितलं.

कान्नो-सानचा मुलगा टोकियोहून आला, सामान हलवलं, घर रिकामं केलं. त्यांच्या दारावरच्या टपालाच्या फटीला चिकटपट्टी लागली. माझ्या घराची बेल कचऱ्यासाठी वाजायची बंद झाली. झाकणं मात्र मी काढत राहिले, पूर्वीपेक्षा जास्त नीट.

४

जूनचं, जुलैचं जेवण मी या ना त्या कारणानं टाळलं. ऑगस्टमध्ये इथल्या पितरांच्या सणाच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा गुणवंत म्हणाले, "अगं, आता बोलाव की सगळ्यांना. केतकी आल्यायत आमच्या विभागात, पुण्याहून. मोठी शास्त्रज्ञ बाई आहे. मी तुझ्या गोष्टींबद्दल सांगून ठेवलंय."

कुणीतरी माझ्याबद्दल काहीतरी सांगून ठेवलंय, याचं अप्रूप वाटलं. मी हो म्हटलं. मनाशी ठरवलं, कान्नो-सानची गोष्ट सांगायची नाही. दुसऱ्या आहेत की.

आदल्या दिवशी दुपारी वांगी चिरता चिरता मी हडळीची गोष्ट मोठ्यानं म्हणून बघत होते. दोन महिने तोंडात नव्हती. बाहेर सेमी, इथले मोठ्या आवाजाचे किडे, ओरडत होते. "बघ, परदेशी असून किती रीतभात," मी म्हटलं, आणि पुढचं आठवत थांबले.

तेव्हा तातामीच्या खोलीतून कुणीतरी हसलं.

लगेच नाही. माझं वाक्य संपलं, एक वांगं चिरून झालं, आणि मग. तोंडावर हात धरून हसावं तसं दबलेलं, दोन दमांचं.

मला आनंद झाला. खरंच सांगते, आधी आनंदच झाला. वाटलं, ओजस्वी हसली. हात पुसत मी तिकडे गेले. ओजस्वी बुटक्या टेबलाशी पुस्तक उघडून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत बसली होती. चेहऱ्यावर हसण्याची खूणही नव्हती. शेजारी दुसरी गादी घातलेली, रिकामी.

"हसलीस ना?" मी विचारलं.

"मी नाही," ती जपानीत म्हणाली.

"मग कोण हसलं? आणि पुटपुटत काय होतीस?"

"पाठांतर."

मी परत आले. मनाची समजूत घातली. शेजारचं घर नव्यानं रंगवणार होते, कामगार आले असतील. पण सुट्ट्यांमध्ये कोण कामगार? मग पाण्याचा पाइप असेल. पाइप हसल्यासारखा वाजू शकतो. पण विनोद झाल्यावर वाजावा, आणि तोही विनोद कळायला थोडा वेळ लागल्यासारखा, हे मला कुठल्याच पाइपात बसवता येईना. मी पुढची गोष्ट मनातल्या मनात म्हटली.

५

दुसऱ्या दिवशी सगळे आले. केतकी चांगल्या निघाल्या. पन्नाशीच्या, मोकळ्या. वांगी खाऊन म्हणाल्या, "पद्मिनीताई, आमच्या लॅबमध्ये या हो. तिथे काहीच इतकं नीट शिजत नाही." सगळे हसले. मग गाद्या घातल्या, चहा फिरला. ओजस्वी भिंतीशी बसली. तिनं आपल्या डाव्या बाजूला एक गादी टाकली. मुकुंद नावाचा एक विद्यार्थी तिथे बसायला गेला तर तिनं त्याला हातानंच दुसरी जागा दाखवली.

"होऊन जाऊ द्या," मिताली म्हणाली.

मी हडळीपासून सुरुवात केली. चपलांची टोकं, उलटे पाय, "किती रीतभात!" खोली हसली. केतकी तर टाळी वाजवून हसल्या. हसणं ओसरलं, कुणीतरी पेला उचलला, आणि त्या शांततेत ते आलं. उशिरानं. दबलेलं, दोन दमांचं.

"कुणाची ट्यूबलाइट आत्ता पेटली?" मितालीनं विचारलं, आणि पुन्हा सगळे हसले.

तेही संपलं. मी मनात म्हटलं, आता नको. आणि ते पुन्हा आलं.

"पाइप आहे तो," गुणवंत म्हणाले. "जुनी इमारत. पुढे सांग."

ते सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मागची भिंत फक्त मला दिसत होती. मी सांगत राहिले, पण नजर ओजस्वीवर ठेवली. तिची मान डावीकडे जराशी कललेली, नजर खाली, आणि ओठ हलत होते. मी बोलायचे तेव्हा ते हलायचे. मी थांबले की थोड्या वेळानं तेही थांबायचे.

ही कललेली मान मला चांगली ओळखीची. ओजस्वी लहान असताना माझं जपानी कच्चं होतं. दवाखान्यात, शाळेच्या सभांमध्ये ती माझ्या शेजारी अशीच बसायची, अशीच मान कलती करून, कुणाला त्रास होणार नाही इतक्या हळू आवाजात समोरचा काय बोलतोय ते मला मराठीत सांगायची. एक वाक्य मागे राहून.

ती भाषांतर करत होती. माझी गोष्ट, वाक्यागणिक, जपानीत. त्या रिकाम्या गादीला.

मी पुढचा विनोद केला. सगळे हसले. ओजस्वीचे ओठ हलले, थांबले. आणि मग हसू आलं. त्या दोघांमधला वेळ म्हणजे भाषांतराला लागणारा वेळ होता, बाकी काही नाही.

पाठीवरून घाम उतरत होता. तरी सांगताना जीभ अडखळली नाही, हे आठवलं की मला माझीच किळस येते. खरं तर एक क्षण बरंही वाटलं होतं. त्या गादीवरच्या बाईंना माझे विनोद आवडत होते.

६

"आता कान्नो-सान!" मिताली म्हणाली.

"या कोण?" केतकींनी विचारलं.

"शेजारच्या आजी होत्या. वारल्या जूनमध्ये, बिचाऱ्या. पण ताई त्यांचं भूत करतात ना, ते एकदा बघाच. मॅडम, मी हसून हसून रडले होते."

"आज नको," मी म्हटलं.

"का हो? आता तर त्या खरोखरच गेल्या. आता गोष्ट पूर्ण झाली की!"

"कर गं," गुणवंत म्हणाले. "त्यांना कुठे वाईट वाटणारे आता."

केतकी पुढे सरकून बसल्या. एवढी मोठी बाई, हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाही म्हणू शकले असते. डोकं दुखतंय म्हणू शकले असते. भिंतीशी कोण बसलंय हे मला कळलेलं होतं, आणि तरी मी उठले.

कमरेत वाकले. गादी उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली. त्यांच्या आवाजात म्हटलं, "अरा, अरा."

खोली फुटली. हसणं संपायची मी वाट बघत राहिले. ओजस्वीचे ओठ हलत होते. तिनं काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ओठ थांबले.

उशिराचं हसू आलं नाही.

मी पुढे गेले. हे जळणाऱ्यात, तेही जळणाऱ्यात. केतकी डोळे पुसत होत्या. जूनमध्येच इथल्या विद्युतदाहिनीत कान्नो-सानना दिलं होतं, ते माझ्या मनात तोंडातून शब्द गेल्यावर आलं. हशा. ओठ. मग काहीच नाही. मी वाकलेली होते, त्यामुळे माणसांच्या खांद्यांमधून मला ती गादी नीट दिसत होती. नवीन, फुगीर गादी, आणि तिच्यात दोन गुडघ्यांएवढा खड्डा. मी दाताचं वाक्य बोलले. सगळे हसले. ओजस्वीनं ते हळूच सांगितलं.

गादी जराशी मागे सरकली. रागावून बोललं की एखादं शालीन माणूस अंग चोरून मागे होतं, तेवढीच.

आता शेवटचं वाक्य राहिलं होतं. सगळ्यांनी श्वास धरला होता, ज्यांना माहीत होतं ते आधीच गालांत हसत होते. ओजस्वीनं मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. पाडव्यानंतर पहिल्यांदा. मी ते वाक्य बोलले असते तर तिनं तेही सांगितलं असतं. मग ती पुन्हा कधी माझ्याकडे बघणार नव्हती. हे मला त्या नजरेतून स्वच्छ कळलं.

मी म्हटलं, "कान्नो-सान, मी तुमची चेष्टा केली. तुम्ही माझं काही वाईट केलं नव्हतं. मला माफ करा."

सगळे इतके हसले, इतके हसले, की खिडकीची काच वाजली. मिताली ओजस्वीच्या बाजूच्या भिंतीवर कलंडायची राहिली. "ताई, हा नवा शेवट भारीये!" केतकी म्हणाल्या, "काय टायमिंग आहे हो तुमचं! हे पुस्तकांतून शिकता येत नाही."

ही माफी मी जपानीत मागायला हवी होती. जपानी मला येतं. पण जपानीत म्हटलं असतं तर ती गोष्टीच्या बाहेर पडली असती, माझा चेहरा उघडा पडला असता. मराठीत ती गोष्टीच्या पांघरुणाखाली बसत होती. मी वाकलेलीच होते, वेगळं लवायचीही गरज नव्हती.

आणि त्यांच्या टाळ्या ऐकून मी हसले. खोलीकडे बघून, कौतुक झाल्यावर हसतात तशी.

७

गुणवंत मंडळींना बसच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. ऊन अजून खिडकीत होतं. ओजस्वी भिंतीशीच बसलेली, शेजारची गादी तशीच.

मी दारात उभी राहिले. मराठीतच विचारलं, "शेवटचं सांगितलंस का त्यांना?"

ती म्हणाली, "सांगितलं."

मराठीत. महिन्यांनी. न वापरलेल्या दारासारखा अडकत आला तो शब्द.

"मग?"

"मग सगळे हसले. ओबा-चाननं विचारलं, आता का हसले. मी काय सांगू?" तिनं गादीकडे बघितलं नाही, पण आवाज जपून काढत होती, झोपलेलं माणूस शेजारी असल्यासारखा. "पाडव्याला पण विचारलं होतं तिनं. जिन्यात. तुझ्या आईच्या गोष्टीत माझं नाव येतं ना, काय असतं गं त्यात? मी म्हटलं, मला मराठी येत नाही."

"ओजू..."

"मग मी मराठी बोलायचंच बंद केलं. खोटं नको व्हायला."

मी चटईवर गुडघे टेकले. इथे खरी माफी मागायची ती अशी: दोन्ही तळवे समोर टेकायचे आणि कपाळ त्यांच्यापर्यंत न्यायचं. सेंदाईत इतकी वर्षं काढली, कुणासमोर कधी केलं नव्हतं. मी जपानीत म्हटलं, जेवढं नीट येतं तेवढं नीट. माझ्याकडून फार मोठा अनादर झाला. मला क्षमा करा.

आणि तशीच राहिले. समोरचा माणूस "मान वर करा" म्हणेपर्यंत वर करायची नसते. चटईच्या गवताचा वास नाकात जात होता. बाहेर सेमी अचानक थांबले. कुणी काही म्हणालं नाही.

मला वाटलं, कान्नो-सान गेल्या असतील. मुळात नव्हत्याच असंही वाटलं. दोन महिने मनाला खात असलेलं काहीतरी उन्हाळ्यात बाहेर आलं, आणि पोरीनं मला धडा शिकवायला ते उचलून धरलं. तेही चाललं असतं. मी डोळे उघडले.

माझ्या बोटांच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, चटईवर आणखी दोन हात होते. तळवे टेकलेले, बोटं जुळवलेली. वयानं पातळ झालेली कातडी, फुगलेल्या शिरा. त्यांच्या पलीकडे पांढऱ्या केसांचा भांग चटईला जवळजवळ टेकलेला. माझ्यापेक्षा खाली.

भीतीपेक्षा मला लाजच जास्त वाटली.

"ओजस्वी," मी चटईत तोंड खुपसून म्हटलं, "त्यांना सांग, मान वर करा म्हणावं. इतक्या मोठ्या माणसानं माझ्यापुढे वाकायचं नाही."

ती जपानीत हळू काहीतरी बोलली. मग थांबली, ऐकत असल्यासारखी. मग माझ्याशी, मराठीत:

"ओबा-चान म्हणते, चूक तिचीच असणार. इतकी माणसं उगीच कशी हसतील? पण काय चुकलं ते तिला कळत नाहीये. ते कळल्याशिवाय ती मान वर करणार नाही." आणि जरा थांबून, "आई, तूच सांग तिला. मी नाही सांगणार आता."

ते हात हलले नाहीत. मी शब्द जुळवू लागले. कचऱ्याचे जपानी शब्द मला येतात, सगळे त्यांनीच शिकवलेले. स्मशानाचा येतो. दाताचा येतो. मी मनात पहिलं वाक्य तयार केलं, दुसरं केलं, आणि त्यातली हसायची जागा शोधत राहिले.

"कान्नो-सान," मी म्हटलं, आणि त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आठवेना.